झबलं वर, मिनिटभर

(दृश्य : पर्वती पायथा, सकाळ. आईच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ.)

पुण्यात थंडी पडली, की महापालिकेच्या दवाखान्यांत खोकणाऱ्या मुलांची रांग लागते. बहुतेकांची सर्दी विषाणूची असते. तिला अँटिबायोटिक लागत नाही. रांगेतलं न्यूमोनियाचं बाळ खोकल्यावरून नाही, श्वासावरून ओळखायचं.

वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताई आधी झबलं वर करायला सांगतात. बाळ रडत असेल, दूध पीत असेल, तर थांबतात. मग घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर फसगत होते. तान्ह्यांचा श्वास एका लयीत नसतो, आणि एका श्वासाची चूक चौपट होते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40. एवढे किंवा जास्त भरले, तर श्वास जलद. तान्ह्याचे 60 भरले, तर पुन्हा एकदा मोजायचे.

(दृश्य : छातीचा खालचा भाग, जवळून.)

श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही वर यायला हवीत. फुप्फुस ताठर झालं, की पोट वर येतं आणि बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. 'पोट उडतंय,' असं आजीच आधी म्हणते. तिचं ऐकावं. तिची धुरी मात्र नको. त्या धुरानं सुजलेल्या श्वासनलिका आणखी आवळतात. दोन वर्षांच्या आत खोकल्याचं सिरप नको, वर्षाच्या आत मधही नको.

श्वास सोडताना सूं-सूं वाजत असेल, तर डॉक्टर आधी स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) सल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देतात. लागलं तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा, तीनदापर्यंत. श्वासांचा आकडा खाली आला, तर अँटिबायोटिक बहुधा टळतं.

न्यूमोनिया ठरला, तर अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक : एका वेळी दर किलोला 40 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 5 दिवस. पाण्यात विरघळणारी 250 ची गोळी सोयीची. ताप उतरला म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद करणारे पुष्कळ. तिसऱ्या दिवशी श्वास पुन्हा मोजून घ्यायचा.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर जलद श्वास दिसताच थेट रुग्णालय. मोठ्या बाळाचंही दूध पिणं थांबलं, सगळं ओकतंय, झटका आला, हाक मारून जाग येत नाही, ओठ निळे पडले, तर 108 लावा.