शेवट कुठे आहे?

(दृश्य: संध्याकाळी सव्वासात. ठाणे स्टेशन, पश्चिम बाजू. पाऊस. रिक्षाची रांग, मागच्या टोकाकडून.)

लोकमान्यनगरला जाणाऱ्या शेअर रिक्षांची ही रांग. पुढचं टोक स्टेशनसमोरच्या सॅटिस नावाच्या पुलाखाली कोरडं, मागचं पावसात. वर पुलावर टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बस, खाली रिक्षा. लोकल येते ती एका दमात शेकडो माणसं जिन्यावर सोडते. रिक्षा मात्र एकेक येते आणि तिघांना घेऊन जाते. रांग लागते ती या हिशेबामुळे.

आत्ता साठएक माणसं आहेत. दोरी नाही, शिट्टी नाही, हवालदार नाही. जिन्यावरून उतरलेला नवा माणूस छत्री उघडतो आणि आधी विचारतो, "शेवट कुठे आहे?" कुणीतरी हात वर करतं. तो मुकाट्याने जाऊन त्या हातामागे उभा राहतो. रिक्षा मिळायला वीस-पंचवीस मिनिटं लागणार आहेत, हे त्याला ठाऊक आहे.

(दृश्य: दुसऱ्या दिवशी सकाळी, फलाटावर लोकल शिरते आहे.)

कालच्या रांगेतली काही माणसं आज इथे आहेत. गाडी अजून थांबलेली नाही. तरीही हात दांड्यावर गेले, पाय पायरीवर गेले. आतून कुणीतरी ओरडतंय, "आधी उतरू द्या!" कुणी ऐकत नाही. काल पावसात शांत उभा असलेला माणूस आज उतरणाऱ्या बाईच्या खांद्याला धक्का देऊन आत शिरतो.

आपल्या लोकांना शिस्तच नाही, हे वाक्य ऐकत मी ठाण्यात मोठी झाले. घरात ऐकलं, शाळेत ऐकलं, परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येक नातेवाइकाकडून ऐकलं. मला ते पटत नाही. माणूस तोच आहे. मग काल संध्याकाळी असलेली शिस्त आज सकाळी कुठे गेली?

(दृश्य: घाटकोपर. लोकलमधून उतरून जिन्याने मेट्रोकडे जाणारी गर्दी.)

उत्तर शोधायला मी त्याच गर्दीबरोबर घाटकोपरला उतरले. अंधेरीकडे नोकरीला जाणारे हजारो ठाणेकर इथे गाडी बदलतात. खालच्या फलाटावर त्यांनी एकमेकांना कोपरं मारली. जिना चढून वर मेट्रोच्या फलाटावर आले आणि रांगेत उभे राहिले. जमिनीवर खुणा आहेत. त्या खुणांच्या मागे एकामागे एक. उतरणाऱ्यांसाठी मधली वाट मोकळी.

जिना चढायला लागली दोन मिनिटं. दोन मिनिटांत कुणाचे संस्कार बदलत नाहीत.

बदलली ती जागा. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाली तेव्हापासून तिचं दार ठरलेल्या खुणेसमोरच उघडतं. ही गेली तर काही मिनिटांत दुसरी येणार, हे समोरच्या पाटीवर दिसतं. दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे रांगेत उभं राहिलं तर आपला नंबर नक्की येतो. लोकलचा डबा नेमका कुठे थांबेल ते अंदाजाने ओळखायचं, थांबणार वीस-तीस सेकंद, आणि ही चुकली तर पुढचीही इतकीच भरलेली. तिथे जो रांगेत उभा राहील तो फलाटावरच राहील.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी. ३४ किलोमीटरचा प्रवास, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे. आज तेवढी माणसं एखाद-दुसऱ्या डब्यात असतात. ठाण्याच्या फलाट क्रमांक पाचवर उभं राहायलाच जागा नव्हती. मे २०२४च्या अखेरीस ६३ तासांचा मेगाब्लॉक घेऊन तो रुंद केला, दोन-तीन मीटरने. कागदावर ही रुंदी किरकोळ वाटते. पण गाडीतून उतरणाऱ्या माणसाला पाय टेकवायला जागा असेल, तरच चढणारा बाजूला सरकू शकतो. नसेल तर दोघंही छातीला छाती लावून ढकलत राहतात.

आणि ९ जून २०२५ची सकाळ ठाण्याला विसरता येणार नाही. दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दारात लटकून जाणारे प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले. कामावर निघालेली माणसं घरी परतली नाहीत. त्यांना शिस्त नव्हती असं म्हणण्याची माझी जीभ धजत नाही. तिथे जबाबदारी आधी गाड्या वाढवणाऱ्यांची, फलाट मोठे करणाऱ्यांची, बंद होणारी दारं बसवणाऱ्यांची आहे. मग प्रवाशाची.

(दृश्य: पुन्हा रिक्षाची रांग. एक माणूस रांगेला वळसा घालून पुढच्या वळणाकडे चालत जातो.)

म्हणूनच मला रिक्षाच्या रांगेचं जास्त वाटतं. इथे व्यवस्था आहे. ती चालते. आणि ती मोडणारा माणूस रेल्वेकडे बोट दाखवू शकत नाही.

बघा, हे गृहस्थ रांगेत घुसलेले नाहीत. स्टँडच्या अलीकडच्या वळणावर जाऊन थांबलेत. रिकामी रिक्षा रांगेकडे येत असते, ते हात करतात. रिक्षावाला थांबतो, त्यांना घेतो, आणखी दोघं धावत येऊन बसतात. भरलेली रिक्षा तिथूनच वळते. रांगेतल्यांना ती दिसतसुद्धा नाही.

हे मी केलं आहे. कॉलेजात असताना केलं, नोकरी लागल्यावरही केलं. मी कुणाच्या पुढे घुसत नव्हते, कुणाला धक्का देत नव्हते, त्यामुळे यात काही चूक आहे असं मनातसुद्धा आलं नाही. उलट आपल्याला युक्ती माहीत आहे असंच वाटायचं. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला घेऊन मी पहिल्यांदा संपूर्ण वेळ रांगेत उभी राहिले. दहा मिनिटं एकही रिक्षा आली नाही. आईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली. तेवढ्यात माझ्या वयाच्या तीन मुली वळणावरून हसत रिक्षात बसून गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. मी नुसती बघत राहिले.

त्या रात्री मी साधा हिशेब केला. मिनिटाला एक रिक्षा धरा. वळणावर तिघांनी एक रिक्षा पकडली, की रांगेतला प्रत्येक माणूस एक मिनिट मागे गेला. रांगेत साठ माणसं असतील तर साठ मिनिटं. तिघांनी मिळून एक तास उचलला, आणि तो साठ जणांच्या खिशातून एकेक मिनिट करून गेला. एक मिनिट गेल्याचं कुणाला कळत नाही. म्हणून कुणी भांडत नाही.

आईला मात्र कळतं. ती रॉकेलच्या रांगेत वाढलेली. रेशनच्या दुकानासमोर पहाटे डबे लावून ठेवायचे, डबा नसेल तर वीट. माणूस घरी जाऊन चहा पिऊन यायचा, पोरांना शाळेत धाडून यायचा, आणि डबा त्याची जागा धरून असायचा. "दुसऱ्याचा डबा सरकवला तर चाळीत वर्षभर तोंड दाखवायची सोय नसायची," असं ती सांगते. मला यातला चाळ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. तिथे डबा कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. इथे पुलाखाली कुणी कुणाला ओळखत नाही. तरी रांग लागते, हे मला त्या डब्यांपेक्षा मोठं वाटतं.

(दृश्य: धावत्या लोकलचा महिला डबा, आतून.)

आता त्याच लोकलच्या आत या. दारात झोंबाझोंबी करून चढलेल्या बायका. श्वास जाग्यावर आला की पहिला प्रश्न, बसलेल्या बाईला: "कुठे उतरणार?" "मुलुंड." "मग मी." बस्स. ती जागा आता तिची. मुलुंडला चार जणी जवळ उभ्या असल्या तरी बसणार तीच. कुणी हात घातलाच तर बाकीच्या सांगतात, "त्यांनी आधी विचारलंय." तिघींच्या बाकावर चौथीला जागा द्यायची, हेही कुठे लिहिलेलं नाही. आणि उतरायची वेळ आली की दाराकडे तोंड करून पुढचीला विचारायचं, "ठाणे?" ती हो म्हणाली तर तिच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाली तर जागा बदलून घ्यायची. ठाणे येईपर्यंत उतरणाऱ्यांची एक अख्खी रांग तयार झालेली असते. पाय ठेवायला जागा नाही, पण नंबर चुकत नाही.

ज्यांना शिस्त नाही म्हणतात, ती हीच माणसं.

(दृश्य: तिकीट खिडक्या.)

तिकिटाची रांग आता बरीचशी फोनमध्ये गेली. उरलेत ते ज्यांच्याकडे तसा फोन नाही किंवा तो वापरता येत नाही. त्यात म्हातारी माणसं जास्त, गावाहून आलेली जास्त. आणि अजूनही अनेक ठिकाणी जितक्या खिडक्या तितक्या रांगा. आपली रांग अडकली की शेजारची सरकते, मग माणसं रांग सोडून इकडेतिकडे शिरतात, वाद होतात. १९०९ साली एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी अशा खोळंब्याचं गणित मांडलं, तेव्हापासून या विषयाचं शास्त्रच झालं. त्यातली एक गोष्ट कुठल्याही कार्यालयाला उद्या सकाळी करता येईल: सगळ्या खिडक्यांना मिळून एकच नागमोडी रांग. जो आधी आला त्याला आधी खिडकी मिळेल. कुणाचंही नशीब खिडकीवर अवलंबून नाही.

एका दवाखान्यात मी याच्या उलट पाहिलं. नाव सांगत नाही. नंबरचे कागद वाटले होते, पण ओळखीचे लोक मागच्या दाराने आत जात होते. अर्ध्या तासात नंबरवाले सगळे दारापाशी उभे. कागद हातात होता, पण कुणाचाच त्याच्यावर भरवसा उरला नव्हता.

(दृश्य: रिक्षाची रांग. पाऊस थांबला आहे. एक तरुण बाई, कडेवर तापाने मलूल मूल.)

ही बाई रांगेच्या मागे जायला निघाली होती. पुढून पाचव्या-सहाव्या नंबरच्या काकांनी हाक मारली, "ताई, तुम्ही इकडे या." मग ते मागे वळून म्हणाले, "बाळाला ताप आहे. पुढे जाऊ दे ना?" मागून दोन-तीन माना हलल्या. एक पोरगा म्हणाला, "जाऊ द्या, जाऊ द्या." ती पुढच्या रिक्षात बसली. मिनिट इथेही गेलंच, सगळ्यांचं. पण इथे कुणीतरी विचारलं आणि रांगेने दिलं.

(दृश्य: रात्री पावणेनऊ. रांग आखूड झाली आहे. शेवटी काठी घेतलेली एक आजी आणि तिची मुलगी.)

आज आईला मी मुद्दाम घेऊन आले. गुडघा आता बरा आहे, पण जिने उतरताना ती थांबत थांबत उतरते. पुलाखालच्या रांगेत आमच्या पुढे आठ जण आहेत. मागे कुणी नाही. जिन्यावरून एक मुलगी धावत येते, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, केस भिजलेले. वळणाकडे बघते. तिथे एक रिकामी रिक्षा हळू झाली आहे. मग आमच्याकडे बघते.

"लोकमान्यनगरची रांग हीच का? शेवट कुठे आहे?"

आई काठी दुसऱ्या हातात घेते आणि हात वर करते.

"इथे. ये, माझ्या मागे उभी राहा."