उलटीचा निरोप पोटातून मेंदूकडे कसा जातो?

नमस्कार. मावशीच्या केमोला मी सोबत जायचे. केमोची बाटली लावायच्या आधी सिस्टर एक छोटं इंजेक्शन द्यायच्या. मावशी एकदा म्हणाली, "अगं, औषध हाताच्या शिरेतून जातंय. पोटात काही गेलंच नाही, मग उलटी कशाची?"

प्रश्न अगदी रास्त आहे.

आपल्या आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी असतात. पहारेकरीच म्हणा ना. विषारी काही आल्याची चाहूल लागली की त्या सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध रक्तातून या पेशींपर्यंत पोचतं, त्यांना इजा होते आणि सेरोटोनिनचा लोंढा सुटतो.

आता इथे जरा थांबू या. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. म्हणून 'पोटात आनंदाचं हार्मोन तयार होतं आणि ते मेंदूत जातं' असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो, आतड्यातलं सेरोटोनिन तो ओलांडू शकत नाही. मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन स्वतःच बनवतो.

मग निरोप जातो कसा? त्या पेशींच्या शेजारीच व्हेगस या लांबलचक मज्जातंतूची टोकं असतात. सेरोटोनिन तिथे जाऊन चिकटतं, मज्जातंतू चेतवला जातो आणि तो संदेश थेट मेंदूच्या तळाशी, जिथून उलटीची सूत्रं हलतात तिथे पोचतो.

सिस्टरचं इंजेक्शन होतं ऑन्डॅनसेट्रॉन. सेरोटोनिन जिथे चिकटणार, ती जागा हे औषध आधीच अडवून ठेवतं. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी उलट्या सोसवेनात म्हणून केमो अर्ध्यावर सोडणारे रुग्ण होते.

तरीही मावशीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळायचंच. कारण तेव्हा निरोप्या बदललेला असतो. त्याचं नाव सबस्टन्स पी, आणि त्याचं मुख्य काम मेंदूतच चालतं. १९३१ मध्ये त्याचा शोध लागला तो घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यातही! त्याला अडवायला ॲप्रेपिटंट नावाचं वेगळं औषध लागतं.

मावशीनं दोन सायकल, म्हणजे केमोच्या दोन फेऱ्या, ती मळमळ मुकाट्यानं सोसली. 'केमोत हे व्हायचंच' असं तिला वाटायचं. तुमच्या घरी कुणी असं सोसत असेल, तर कृपा करून डॉक्टरांना सांगा. तिसऱ्या सायकलला आम्ही सांगितलं, तिला कॅप्सूल मिळाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं स्वतःहून वरणभात मागितला.