मुंबई विद्यापीठाशी भांडलेले विद्यार्थी

१८६२ साल. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. परीक्षेचा निकाल लागला. उत्तीर्ण झाले चार जण. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सिंध, गुजरात, कोकण, देश, कर्नाटक असा पसरलेला सगळा मुंबई इलाखा, आणि त्यातून पदवीधर चार.

विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. उत्तरेत उठाव पेटलेला असताना कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशी तीन विद्यापीठे एकाच वर्षी उभी राहिली. नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची.

त्यामुळे मुंबईचे विद्यार्थी शोधताना नजर फोर्टपुरती ठेवून चालत नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि फर्ग्युसन, अहमदाबादचे गुजरात कॉलेज, भावनगरचे सामळदास कॉलेज, सगळी याच विद्यापीठाला जोडलेली. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात भेटले, पण पदव्या मुंबईच्या. गांधीजी १८८७ मध्ये मॅट्रिक झाले तेही याच विद्यापीठाचे. पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते थेट १९४९ मध्ये.

(दृश्य : फोर्ट संकुल, दीक्षान्त सभागृह, भिंतीवरची तैलचित्रे)

नावे मोजायला बसलो तर ही फिल्म संपणार नाही. आम्ही वेगळे शोधत होतो. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर ज्यांनी विद्यापीठाकडे वळून पाहिले आणि 'इथे हे कमी आहे' असे सांगितले, ते विद्यार्थी.

सुरुवात पहिल्या चौघांपासूनच होते. विद्यापीठ सुरू झाल्यावर काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती अशा देशी भाषा वगळल्या गेल्या. ज्या भाषेत घरात बोलायचे, बाजारात व्यवहार करायचा, तिला पदवीच्या अभ्यासात जागा नाही! रानड्यांना हे आयुष्यभर सलत राहिले. ते न्यायाधीश झाले, सामाजिक परिषद चालवली, अर्थशास्त्रावर लिहिले; या साऱ्या व्यापात विद्यापीठाच्या सभांत देशी भाषांची बाजू मांडणे त्यांनी सोडले नाही. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले, तोवर हा आग्रह चालू होता.

त्यांचे सहाध्यायी भांडारकर संस्कृतचे जगन्मान्य पंडित झाले आणि १८९३ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या आधीचे कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही इथलेच विद्यार्थी, आणि या पदावर बसलेले पहिले भारतीय.

(दृश्य : पुणे, डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत)

आता एक विद्यार्थिनी. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६ चा. डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. त्यांच्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. पदवी द्यायला तयार असलेली व्यवस्था पुढच्याच पायरीवर हात आखडते, हे इथे लख्ख दिसते.

त्या थांबल्या नाहीत. हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, अशी परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पण ऑक्सफर्ड त्या काळी बायकांना पदवीच देत नसे. कॉर्नेलियाबाईंच्या हातात ती पडली १९२२ साली, परीक्षेनंतर ३० वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी पडद्यात राहणाऱ्या शेकडो बायकांच्या मालमत्तेचे हक्क सांभाळले. कोर्टात वकील म्हणून उभे राहण्याची वाट भारतातल्या स्त्रियांसाठी कायद्याने १९२३ मध्ये मोकळी केली.

कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांनाही अशीच भिंत आडवी आली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. घेऊन त्या बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश द्यावा लागला. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर महत्त्वाचे काम केले.

धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांची तऱ्हा निराळी. मुरूडचा हा मुलगा १८७५ मध्ये एका सरकारी परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून चालत साताऱ्याला गेला. तिथे परीक्षकांनी 'वय लहान दिसते' म्हणून परत पाठवले. असा मुलगा १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागला, आणि १९१६ मध्ये त्याने चक्क दुसरे विद्यापीठ काढले. स्त्रियांसाठी, मातृभाषेतून शिकवणारे. त्याला कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. तोवर अण्णा देणग्या मागत गावोगाव फिरले. रानडे सभांत मांडत राहिले, अण्णांनी उभे करून दाखवले. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले.

(दृश्य : एल्फिन्स्टन कॉलेज, काळा घोडा)

एल्फिन्स्टनमध्येच १९०८ साली एक विद्यार्थी आला. भीमराव रामजी आंबेडकर. परळच्या चाळीत राहणारा, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपये शिष्यवृत्तीवर शिकणारा. प्राध्यापक म्युलर त्याला पुस्तके देत, कपडेही देत. १९१२ ची बी.ए., विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. पुढचे कोलंबिया, लंडन सर्वांना ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे ते १९२४ चे. विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीने प्रश्नावली काढली आणि डॉ. आंबेडकरांनी तिला सविस्तर उत्तरे दिली. त्यांचे म्हणणे रोखठोक होते. नुसत्या परीक्षा घेऊन विद्यापीठ होत नाही. विद्यापीठाने स्वतः शिकवले पाहिजे, संशोधन केले पाहिजे. ज्या व्यवस्थेतून ते स्वतः पदवीधर झाले होते, तिच्या पायालाच त्यांनी हात घातला. आम्हाला या सगळ्या कहाणीतले हे सर्वांत मोलाचे पान वाटते.

विद्यापीठ शिकवू लागले की काय घडते, याची चुणूक तोवर दिसू लागली होती. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला होता. तिथे गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या, पुढे एम. एन. श्रीनिवासही. भारतीय समाजाचा अभ्यास आज ज्या नावांवर उभा आहे, त्यांतली कितीतरी या एका विभागातून आली.

१९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. माटुंग्याचे यूडीसीटी म्हणून मुंबईकर ज्याला ओळखतात, तेच. गिरगावात गरिबीत वाढलेले रघुनाथ माशेलकर तिथे अभियंता झाले, १९६९ मध्ये पीएच.डी. झाले. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा लढा देणाऱ्या सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, ते महासंचालक होते. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांची १९६३ ची अभियांत्रिकी पदवीही मुंबई विद्यापीठाचीच, व्हीजेटीआयमधली.

(दृश्य : सिद्धार्थ महाविद्यालय, फोर्ट. सकाळची वेळ, जिन्यावरून चढणारे विद्यार्थी)

पण पुन्हा बाबासाहेबांकडे येऊ. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ च्या जूनमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसभर नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशी मुले तिथे आली, शिकली आणि पदवीधर झाली. त्यांच्या पदव्यांवर नाव होते मुंबई विद्यापीठाचे.