उभ्या गाडीची बॅटरी

नमस्कार मंडळी. वर येताना तुमच्या पार्किंगमधून चालत आलो. निम्म्या गाड्यांवर कव्हर आहे आणि कव्हरवर धुळीचा थर आहे. कारणं उघड आहेत. वनाझहून मेट्रोनं डेक्कनला लवकर पोचता येतं, लक्ष्मी रस्त्याला गाडी नेली तर लावायची कुठे हा प्रश्न, आणि काही जण दिवाळीनंतर मुलांकडे परदेशी जातात ते थेट मे-जूनमध्येच परततात. परत आल्यावर किल्ली फिरवली की नुसतं 'कट्-कट्' ऐकू येतं. मग मेकॅनिक, मग नवी बॅटरी. यातल्या बऱ्याच बॅटऱ्या वाचवता आल्या असत्या, म्हणून आज त्याबद्दल बोलायचं आहे.

गाडी बंद केली तरी ती पूर्ण बंद होत नाही. घड्याळ चालू असतं, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर रिमोटची वाट पाहत असतो, अलार्म जागा असतो, इंजिनाच्या कंट्रोल युनिटची आठवण जपायची असते. चांगल्या अवस्थेतल्या गाडीत हे सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर करंट घेतं. आकडा किरकोळ वाटतो, पण तो चोवीस तास चालू असतो. ४० मिलीअँपिअर धरा: दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास गेला (बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात मोजतात). लहान पेट्रोल गाडीत बॅटरी बहुतेक वेळा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे अडीच-तीन आठवड्यांत ती अर्ध्यावर येते, तीही मुळात भरलेली असेल तर. त्यात डॅशकॅम किंवा ट्रॅकर कायमचा जोडलेला असेल, तर हिशेब आणखी लवकर संपतो.

आता आपल्याकडची लाडकी पद्धत. वॉचमनकडे किल्ली द्यायची आणि सांगायचं, "दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेव." या दहा मिनिटांचा हिशेब कोणी केलेला नसतो, तो आज करू. अनेकांना वाटतं की सेल्फ मारण्यात बॅटरी संपते. सेल्फला करंट प्रचंड लागतो, शे-दीडशे अँपिअर, पण तो दोन सेकंदच. खर्च एका अँपिअर-तासाचा दहावा हिस्साही होत नाही. खरा खड्डा मागच्या सात दिवसांनी पाडलेला असतो, सुमारे ७ अँपिअर-तासांचा. इंजिन जागेवर मंद फिरत असताना अल्टरनेटरनं, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्रानं, १० अँपिअर जरी बॅटरीत घातले, तरी दहा मिनिटांत पावणेदोन अँपिअर-तासही होत नाहीत. वॉचमननं एसी आणि रेडिओ लावला असेल तर त्याहून कमी. दर रविवारी सात काढायचे आणि दोन भरायचे, असा हा व्यवहार आहे.

शिवाय गाडीतल्या या लेड-ॲसिड (शिसं आणि तेजाबाच्या) बॅटरीचा स्वभाव असा की ती निम्म्यापर्यंत झपाट्यानं भरते आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास घेते. त्यामुळे कात्रजपर्यंतची अर्ध्या तासाची फेरी दहा मिनिटांच्या घरघरीपेक्षा केव्हाही चांगली, पण तीही बॅटरी काठोकाठ भरत नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बॅटरीपेक्षा ही बाब फार मोठी आहे.

बॅटरी उतरलेली राहिली तर बिघडतं काय? आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट जमा होतं. लगेच चार्ज केलं तर ते पुन्हा विरघळतं. तसंच राहू दिलं तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, आणि मग चार्जर लावूनही ती जागा परत मिळत नाही. म्हणून बॅटरी महिनोन्‌महिने अर्धवट राहणं तिला मारक आहे. बॅटरी स्वतःहूनही उतरते आणि उष्णतेत हा वेग वाढतो: तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट. एप्रिलमधलं पुण्याचं ऊन आणि उघड्यावर लावलेली गाडी यांचा मेळ बसवून पाहा.

बॅटरी कशी आहे हे बुधवार पेठेत मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरनं कळतं. पासोड्या विठोबाच्या आसपास हव्या त्या किमतीचा मिळेल. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी टर्मिनलवर मीटर धरा. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आता चार्जर हवाच. १२च्या खाली गेली तर आजच्या आज.

गाडी दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल, तर दोनच खात्रीचे मार्ग आहेत. पार्किंगमध्ये प्लग असेल तर स्वयंचलित चार्जर लावून ठेवा, जो भरल्यावर स्वतः मंद होतो. जुना, सतत ढकलत राहणारा चार्जर महिनाभर जोडून ठेवू नका, तो पाणी आटवतो. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीत बॅटरी वेगळ्या जातीची असते, तेव्हा चार्जर तिला चालतो का हे दुकानदाराला विचारूनच घ्या.

प्लग नसेल तर निगेटिव्हचं टर्मिनल काढा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्हच का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी निघालं की तो धोका संपतो. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. काढलेली केबल कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, आपोआप टेकायला नको. घड्याळ शून्यावर येईल, काही गाड्यांत काचा पुन्हा 'शिकवाव्या' लागतील, काही म्युझिक सिस्टिम कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. अलार्मही बंद राहील. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रिमोटनं दार उघडणार नाही. स्मार्ट कीच्या पोटात लपलेली लोखंडी किल्ली दाराला चालते ना, हे निघण्यापूर्वी आजमावा. परत आल्यावर मध्यरात्री, विमानतळावरून थकून, हे शोधायची वेळ येऊ नये.

मागून एक आजी विचारतायत की आमच्या गाडीची बॅटरी दर आठवड्यालाच उतरते, उभी नसली तरी. आजी, मग तुमच्या गाडीत काहीतरी चोरून करंट घेतंय. डिकीचा दिवा, ग्लव्हबॉक्सचा दिवा बंद होतो का पाहा. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये खोचलेलं सगळं काढा. तरीही उतरत असेल तर इलेक्ट्रिशियनला गळती मोजायला सांगा: तो मीटर निगेटिव्हच्या वाटेत जोडेल, गाडी झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबेल आणि एकेक फ्यूज काढत चोर शोधेल. मोजल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका, ती पुढच्या आठवड्यात तशीच उतरेल.

आणि बॅटरी पूर्ण बसलीच असेल, तर जंपर लावून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून, गाडी सुरू झाली म्हणून काम झालं असं समजू नका. गाडी दुकानात न्या आणि बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवायला सांगा. सकाळी थोडा वेळ विश्रांती देऊन लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी टिकते का याची चाचणी, करून घ्या. त्यात टिकली तर आणखी चालेल. नाही टिकली तर जुनी बॅटरी तिथेच द्या, तिचे पैसे नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करतात. ती भंगारात, अंगणात फोडणाऱ्याच्या हातात जाऊ देऊ नका. आत शिसं आणि तेजाब आहे, आणि शिसं लहान मुलांच्या अंगी गेलं तर मेंदूवर परिणाम करतं.