चौदा दिवस, दोन तास

(पडद्यावर: काळोख. इंजिनाची घरघर. मग स्क्रीनवर रॉकेट.)

तीन, दोन, एक. सुटलं. आता डावीकडच्या बूस्टरकडे, म्हणजे बाजूला जोडलेल्या छोट्या रॉकेटकडे, लक्ष ठेवा. तो वर गेल्यावर सुटायला हवा होता, तो आत्ताच सुटला. आणि पडला कुठे? लाँचपॅडच्या काँक्रीटमधून आरपार खाली. ना स्फोट, ना धूर.

हा गेम अजून पुरा झालेला नाही. विकायला मात्र आहे, १,७९० रुपयांना.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या या खोलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा दुसऱ्या कुणीतरी खेळून टाकलेला हा व्हिडिओ पाहतोय. कितव्यांदा, ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही. गेमचं नाव आम्ही पडद्यावर झाकलंय. आमचं भांडण त्या गेमशी नाही.

(पडद्यावर: माउसवरचा हात. बाण 'खरेदी'च्या बटणावर येतो, बाजूला सरकतो.)

अर्धवट गेम आधीच विकायची सोय स्टीमनं, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानानं, मार्च २०१३ मध्ये काढली. अर्ली ॲक्सेस. गेमच्या पानावर निळी चौकट असते आणि तिच्यात स्टीम स्वतःच सांगतं, की हा गेम पूर्ण नाही, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही. आज जसा आहे तसा खेळायची हौस नसेल तर थांबा. इतकं सरळ कुठला दुकानदार बोलतो? पण चौकट कोण वाचतं. खाली रंगीत नकाशा असतो ना: पुढे वसाहती येणार, दुसरे तारे येणार, मित्रांबरोबर खेळता येणार. नजर तिथंच जाते.

(पडद्यावर: जुना गेम. हिरवे बुटके अंतराळवीर, डुगडुगणारं रॉकेट.)

हे चित्रण या मुलाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरचं. कर्बल स्पेस प्रोग्रॅम. आठवीपासून खेळतोय. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीचं मूळ काम जाहिरातींचं. तिथल्या फेलिपे फालांघे या प्रोग्रॅमरला गेम करायचा होता, त्यासाठी तो नोकरी सोडायला निघाला. मालक म्हणाले, हातातली कामं उरक, मग इथंच कर. २४ जून २०११ ला पहिली आवृत्ती लोकांसमोर आली, तेव्हा त्यात जाण्यासारखा चंद्रसुद्धा नव्हता! एक ग्रह, थोडे सुटे भाग आणि पडायला भरपूर जमीन. चंद्र त्याच वर्षी आला. विज्ञानाचे प्रयोग २०१३ मध्ये, पैशांचा हिशेब ठेवायची करिअर पद्धत २०१४ मध्ये. आणि '१.०' हा आकडा लागला २७ एप्रिल २०१५ ला. जवळजवळ चार वर्षं लोक अर्धवट गेम खेळत होते, आणि खूश होते.

खूश का होते ते बघा. गेममधल्या या ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर. ७० किलोमीटरवर हवा संपते. नवखा माणूस रॉकेट सरळ वर नेतो, ७० ओलांडतो, टाळ्या पिटतो, आणि तसाच सरळ खाली येतो. कक्षेत राहायचं तर वर जाऊन भागत नाही, आडवं पळावं लागतं. हे बघा, आत्ता तो रॉकेट पूर्वेकडे कलवतोय. हळू. अजून हळू. ही गंमत पहिल्या दिवसापासून गेममध्ये होती. बाकी सगळं नंतरचं.

मग दुसरा भाग आला. २४ फेब्रुवारी २०२३, अर्ली ॲक्सेस, ४९.९९ डॉलर. वसाहती, दुसरे तारे, सोबतीनं खेळणं, सगळं नकाशावर. पहिल्या दिवशी विज्ञानाचे प्रयोगही नव्हते, ते डिसेंबरमध्ये आले. २०२४ मध्ये स्टुडिओ बंद पडला, माणसं घरी गेली, जूननंतर अपडेट नाही.

(पडद्यावर: अंधारात वितळलेल्या लोखंडाची धार.)

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतली रात्रपाळी. परवानगीसाठी तीन फेऱ्या मारल्यात, त्यामुळे हे दृश्य जरा लांबलंय, सांभाळून घ्या. आधी पॅटर्न, म्हणजे भागाचा नमुना. त्यावर ओलसर वाळू ठोकून साच्याचे दोन अर्धे. पोकळी हवी तिथं कोअर, म्हणजे आत ठेवायचा वाळूचा ठोकळा. मग साधारण १,४०० अंशांचं लोखंड लॅडलमधून एका धारेत, न थांबता. मध्येच हात थांबला तर जॉब, म्हणजे तो ओतलेला भाग, वाया. सकाळी साचा फोडायचा, वाळू झाडायची. बाहेरून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग कसा, एकदम चकाचक.

ही कास्टिंग्ज उद्यमनगरात जातात. तिथं या मुलाच्या वडिलांची दोन लेथ आहेत.

(पडद्यावर: लेथवर फिरणारा जॉब. गुंडाळ्या होऊन पडणारा कीस.)

पहिला कट, दुसरा कट. आणि हे बघा, बोटाच्या नखाएवढं भोक. ब्लो होल. ओतताना आत गॅस अडकला, बाहेरून कुणाला दिसला नाही. कट लागल्यावरच दिसतो, म्हणजे मजुरी खर्च झाल्यावर.

मुलानं वडिलांना मोबाइलवर तो रंगीत नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे सगळं येणार हाय. आज ह्यात काय चालतंय?"

"उडतंय, पप्पा. चंद्रापर्यंत जातंय."

"तेवढ्याचं पैसं दे म्हणावं."

तेवढ्याचे पैसे घेणारं बटण त्या पानावर नाही.

(पडद्यावर: उसानं भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, पंचगंगेचा पूल.)

आपल्याकडं व्यवहार उलटा. शेतकरी ऊस आधी घालतो, पैसे नंतर. कायद्यानं १४ दिवसांत मिळायला हवेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं लिहिलंय. मिळतात का, ते कुठल्याही पारावर विचारा. गेमच्या या दुकानात पैसे आधी, माल नंतर. आणि योगायोग म्हणजे स्टीमवर परतीची मुदतही १४ दिवसांचीच. अट एक: खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला हवा.

दोन तास म्हणजे किती? अंतराळातल्या गेममध्ये रॉकेट जोडण्यातच पहिला तास जातो. गेम चालू ठेवून जेवायला उठलात, तरी घड्याळ चालूच. ब्लो होल दिसायच्या आतच मुदत संपते.

मुलाच्या एका मित्राचं म्हणणं वेगळं होतं. "भावा, घिऊन टाक. पुरा झाल्यावर किंमत वाढंल." त्याचंही खरं आहे, असे गेम पुढे बरेचदा महागतात. तो कॅमेऱ्यासमोर यायला तयार झाला नाही.

(पडद्यावर: गंगावेशचा दूधकट्टा. धार काढलेलं दूध, ग्लासवर फेस.)

म्हैस समोर, धार समोर, ग्लास हातात. इथं आम्ही अर्धा तास शूटिंग केलं. गेमचा विषय कुणी काढला नाही.

मुलानं गेम घेतला. शुक्रवारी रात्री, यूपीआयनं. तेव्हा आमचा कॅमेरा नव्हता. रविवारी गेलो, तोवर तीन तास दहा मिनिटं खेळून झाली होती.

(पडद्यावर: करडा चंद्र. त्यावर तिरपं उभं यान. मागं दारात वडील.)

वडील बराच वेळ बघत राहिले.

"पाय जमिनीत गेल्यात की रं त्याचं."

"पुढच्या अपडेटला निघतील, पप्पा."