तीन राज्याभिषेकांचा राजा

पडद्यावर दिसतोय तो मुकुट आज बुडापेस्टच्या संसदभवनात काचेच्या पेटीत आहे. माथ्यावरचा क्रॉस कलंडलेला, त्यामुळे लगेच ओळखू येतो. पहिला राजा संत इश्तवान याचाच हा मुकुट, अशी हंगेरीत शतकानुशतकं श्रद्धा. प्रत्यक्षात तो इश्तवाननंतरचा आणि दोन भाग जोडून केलेला: खाली ग्रीक अक्षरांची, मीनाकाम केलेली बायझंटाइन पट्टी, वर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या, त्यांवर लॅटिन अक्षरं. पण १३०१ साली हे सांगून कोणी ऐकलं नसतं.

त्या वर्षी १४ जानेवारीला हंगेरीचा राजा अंद्राश तिसरा वारला. मुलगा नव्हता. तीनशे वर्षं राज्य केलेलं आर्पाद घराणं पुरुषवंशात तिथेच संपलं. नेपल्सहून आदल्याच वर्षी आलेला बारा वर्षांचा कारोय रोबेर्त, इंग्रजी पुस्तकांतला चार्ल्स, गादीवर हक्क सांगत होता. त्याची आजी आर्पादांची लेक. पोपचा पाठिंबा होता. मग अडलं कुठे?

हंगेरीत राजा व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागत. मुकुट तोच हवा. तो डोक्यावर ठेवणारा एस्टरगोमचा आर्चबिशप हवा. आणि जागा सेकेशफेहेरवारची. यांतलं एक जरी चुकलं, तरी विरोधकांच्या हाती आयतं कोलीत.

कारोयचा पहिला राज्याभिषेक १३०१ च्या वसंतात घाईघाईने उरकला. तोही एस्टरगोममध्ये, वेळ मारून नेणाऱ्या दुसऱ्याच मुकुटाने, आणि विधी करणारा आर्चबिशप निवडून आलेला, पण पोपची पक्की मान्यता न मिळालेला. त्याच उन्हाळ्यात विरोधी सरदारांनी बोहेमियाच्या राजपुत्राला, व्हेन्सेस्लासला, आणलं. मुकुट खरा, गाव खरं. आर्चबिशप मात्र कालोचाचा. १३०४ मध्ये हा पोरगा बापाबरोबर घरी परतला आणि जाताना मुकुटही घेऊन गेला.

पुढचा दावेदार बव्हेरियाचा ओट्टो. मुकुट त्याच्या हाती आला. तो घेऊन तो चोरवाटेने हंगेरीकडे निघाला. इतिवृत्त सांगतं की मुकुट एका लाकडी बुधल्यात ठेवला होता आणि वाटेत तो निसटून पडला. माणसं उलट्या पावली शोधत गेली, तेव्हा तो रस्त्यातच सापडला. १३०५ च्या डिसेंबरमध्ये ओट्टोच्या डोक्यावर तो ठेवला दोन बिशपांनी. दोन वर्षांतच ट्रान्सिल्व्हेनियाचा सुभेदार लास्लो कान याने ओट्टोला डांबलं. पुढे ओट्टो सुटला. मुकुट लास्लोकडेच राहिला.

आता पोपचा दूत कार्डिनल जेंतिले मैदानात उतरला. त्याने नवा मुकुट घडवून घेतला, त्याला आशीर्वाद दिले, आणि जुना परत येईपर्यंत जुन्याचं पावित्र्य स्थगित, असं जाहीर केलं. जून १३०९ मध्ये बुडात दुसरा राज्याभिषेक झाला. या खेपेला आर्चबिशप बरोबर होता. लोकांनी तरीही मानलं नाही. शेवटी जेंतिलेने लास्लोला धर्मबहिष्कृत केलं, तेव्हा मुकुट हाती लागला. २७ ऑगस्ट १३१० रोजी सेकेशफेहेरवारला तिन्ही गोष्टी एकदाच्या जुळल्या.

पण एवढं होऊनही राजा नावापुरताच. मुलूख वाटून घेतला होता बड्या सरदारांनी. वायव्येला माते चाक, ईशान्येला आबा घराणं. १३१२ मध्ये कॉश्शाजवळ, रोझगोन्यच्या लढाईत कारोय जिंकला, तोही कॉश्शाचे नागरिक मदतीला धावले म्हणून. माते चाकला तर तो कधीच मोडू शकला नाही; १३२१ मध्ये तो मेल्यावरच त्याचे गड हाती आले. मग राजधानी तेमेश्वारहून विशेग्रादला, डॅन्यूबच्या वळणावर आली.

खरी करामत यापुढची, आणि ती तलवारीची नाही.

हंगेरीच्या डोंगरांत सोनं होतं, ते बाहेर येत नव्हतं. कारण साधं. एखाद्याच्या जमिनीत खनिज सापडलं, तर राजा बदली जमीन देऊन ती ताब्यात घेई. मग कोण कशाला सांगेल? कारोयने नियम फिरवला: जमीन मालकाचीच राहील, आणि खाणीवर राजाला मिळणाऱ्या हिश्श्याचा एक तृतीयांश त्याला मिळेल. राजाचा हिस्सा सोन्यावर दहावा, चांदीवर आठवा. म्हणजे तीस तोळे सोनं निघालं, तर तीन तोळे राजाचे आणि त्यातला एक जमीनमालकाचा. काल खनिज लपवणारा आता स्वतः खाणकाम्यांना बोलावू लागला. मात्र कच्चं सोनं-चांदी कोणाला बाहेर विकता येत नसे. ते राजाच्याच टांकसाळीत, त्यानेच ठरवलेल्या दराने द्यायचं. राजाची मोठी कमाई इथे होती.

हे नाणं जवळून बघा. १३२५ पासूनचा सोन्याचा फ्लोरिन, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, कस पावणेचोवीस कॅरट. एका बाजूला कमळासारखं लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा संत योहान. दोन्ही फ्लॉरेन्सच्या नाण्यावरून जशीच्या तशी उचललेली. यात लाज कसली. व्यापारी ओळखीचं नाणं आधी घेतो. १३२८ मध्ये क्रेम्नित्साला, आजच्या स्लोव्हाकियात, खाणकाम्यांच्या वस्तीसाठी सनद दिली. तिथली टांकसाळ आजही चालू आहे.

रोजच्या वापरातल्या चांदीच्या नाण्यांचं दुखणं वेगळं होतं. जुनी देनार दरवर्षी परत करून नवी घ्यायची, आणि प्रत्येक बदल्यात तोटा लोकांचा. कारोयने ही सक्ती बंद केली. बुडालेलं उत्पन्न भरून काढायला मग फाटककर आला: शेतकऱ्याच्या आवाराचं, गवताने भरलेली गाडी आत जाईल एवढं फाटक असेल, तर त्यामागे १८ देनार. कोणाची मिळकत किती, हे तपासत बसण्यापेक्षा फाटक मोजणं सोपं.

राजा काही संत नव्हता. एप्रिल १३३० मध्ये फेलिसियान झाह नावाचा सरदार विशेग्रादला जेवत्या राजकुटुंबावर तलवार घेऊन धावला. राणी एर्झेबेतची चार बोटं तुटली. शिक्षा एकट्या मारेकऱ्यावर थांबली नाही, त्याच्या भाऊबंदांनाही संपवलं. त्याच वर्षी वालाचियाच्या, म्हणजे आजच्या दक्षिण रोमेनियाच्या, डोंगरात सैन्य कोंडीत सापडलं. राजाने चिलखत दुसऱ्याला घालायला दिलं आणि जीव वाचवला. घालणारा मारला गेला.

१३३५ मध्ये बोहेमिया आणि पोलंडचे राजे विशेग्रादला पाहुणे आले. मुदपाकखान्याचा हिशेब इतिवृत्तात आहे: बोहेमियाच्या राजाच्या माणसांना २५०० पाव, पोलंडच्या १५००, वर १८० पिंपं दारू.

१६ जुलै १३४२ रोजी कारोय वारला. २१ जुलैला त्याचा मुलगा लायोश सेकेशफेहेरवारला पोचला. मुकुट तोच, आर्चबिशप एस्टरगोमचा. बापाला नऊ वर्षं लागली होती, पोराचं काम पाच दिवसांत झालं.