घरचा बंद पीसी दुसऱ्या गावातून चालू करायचा? आधी लाईटीचं बघा

राम राम मंडळी. तुम्ही पुण्यात, पीसी परभणीला बंद, आणि फाईल आत्ता पाहिजे. मग घरी फोन: "आई, तेवढं बटन दाब." आई नेमकं यूपीएसचं दाबते!

पीसी बंद असला तरी लॅन कार्ड, म्हणजे नेटची केबल लागते तो भाग, जागं असतं. हे मागं बघा, केबलपाशी दिवा लुकलुकतोय. त्याला एक मॅजिक पॅकेट, म्हणजे उठवायचा ठरलेला संदेश, पाठवायचं. आधी सहा वेळा एफएफ हा बाइट, मग त्याच कार्डाचा सहा बाइटचा नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस १६ वेळा, झाले १०२ बाइट. ते ओळखलं की कार्ड पीसीला उठवतं.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वेक ऑन लॅन (केबलवरून उठवणं) चालू, ईआरपी (बंद पीसीची वीज वाचवणारी सेटिंग) बंद. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॅजिक पॅकेटवर टिक करा. वायफायच्या नादी लागू नका, केबलच लावा.

आता इंटरनेटवरून. सगळे सांगतात, राउटरमध्ये ९ नंबरचं यूडीपी पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेलं आत धाडा. थांबा. आधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे त्याचा नेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १०० नं सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला दिसला, तर तुम्ही सीजीनॅटमागं आहात. एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. बाहेरचं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. मग कितीही पोर्ट उघडा.

त्यापेक्षा कपाटातला जुना अँड्रॉइड फोन काढा. चार्जरला लावा, घरच्या वायफायवर ठेवा, टेलस्केल (लांबची उपकरणं एका खासगी नेटवर्कात जोडणारं अ‍ॅप) आणि टर्मक्स (फोनवर कमांड चालवायचं अ‍ॅप) टाका, बॅटरी सेव्हर बंद. पुण्यातून एसएसएचनं, म्हणजे लांबून कमांड द्यायच्या सुरक्षित वाटेनं, त्या फोनमध्ये शिरायचं. पॅकेट तो घरातल्या घरात सोडतो. नुसतं पीसीवर टेलस्केल टाकून भागत नाही, पीसी बंद झाला की तेही बंद.

खरी गोम लाईटीची. लाईट जाऊन आली की बरेच मदरबोर्ड हे सगळं विसरतात. हातानं एकदा चालू केल्याशिवाय पीसी पॅकेटला दाद देत नाही. म्हणून बायोसमध्ये रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस हे पॉवर ऑनवर ठेवा. लाईट आली की पीसी आपोआप चालू होईल, नको असेल तर लांबूनच शटडाऊन करा. आपल्याकडं लाईट झटके देत येते, तेव्हा पीसीला यूपीएस हवाच. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

निघायच्या आधी घरीच बघा. पीसी बंद करा, मोबाईल डेटावरून पॅकेट सोडा. मग पीसी बंद असतानाच पीसीची यूपीएसमधली पिन काढून परत लावा, आपोआप चालू होतो का बघा. दोन्ही वेळा उठला तर बॅग भरा.